अवघड जागेचे दुखणे आणि मलमाचे माप

'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण ऐकून आपण हसतो. पण मूळव्याधीच्या उपचारांचा निम्मा इतिहास या म्हणीत आहे. दाखवायची लाज वाटते म्हणून रोगी ओळखीच्या वैद्याऐवजी अनोळखी माणसाचे औषध पसंत करतो. कवठे महांकाळहून मिरजेकडे जाताना रस्त्याकडेच्या भिंतींवर 'मूळव्याध, भगंदर – विना ऑपरेशन' अशी अक्षरे दिसतात, ती या लाजेच्याच आधाराने. औषधाच्या दुकानात तर बोलावेही लागत नाही. जुन्या ट्यूबचे रिकामे खोके पुढे केले की काम होते. मलम किती, कसे आणि किती दिवस लावायचे, हे मात्र विचारायचे राहून जाते. ही मोजमापाची काळजी इंग्रजी औषधांबरोबर आली, असा आपला समज असतो. जुने ग्रंथ उघडले की तो टिकत नाही.

सुश्रुताने अर्श, म्हणजे मूळव्याध, आठ महागदांत गणला आहे. त्यावर त्याने चार उपाय सांगितले: भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र. कोणता उपाय कोणाला, हेही ठरवून दिले. रोग नुकताच झालेला, लक्षणे थोडी, उपद्रव कमी, तरच नुसत्या औषधाने भागते. लेप ही या जिन्याची पहिली पायरी आहे, अख्खा जिना नव्हे.

त्याच्या लेपांत निवडुंगाचा चीक आणि हळद यांचा लेप आहे. पुढे अकराव्या शतकात चक्रपाणीने याच दोन द्रव्यांची पुटे दिलेला दोरा मूळव्याध आणि भगंदरावर सांगितला. विसाव्या शतकात काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी क्षारसूत्राचे पुनरुज्जीवन केले, त्याचे मूळ इथे आहे. आपल्या मुलखात या दोन्ही वस्तूंची वाण नाही. निवडुंग बांधावर आहे आणि हरिपूरच्या पेवांत साठवलेली सांगलीची हळद प्रसिद्धच आहे. वस्तू हाताशी असली की कृती सोपी वाटते. पण निवडुंगाचा चीक कातडी पोळतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो. घरी करून पाहण्याचा हा लेप नव्हे.

क्षारकर्माचे वर्णन वाचताना सुश्रुताची सावधगिरी लक्षात येते. आधी यंत्र: गाईच्या सडाच्या आकाराचे, चार अंगुळे लांब, घेर पुरुषांसाठी पाच अंगुळे, स्त्रियांसाठी सहा. क्षार लावल्यावर यंत्राचे तोंड हाताने झाकून शंभर मात्रा उच्चारण्याइतका वेळ थांबायचे. मोड पिकल्या जांभळासारखा दिसू लागला की थांबायची खूण पटली. मग कांजी किंवा दह्यावरची निवळ अशा आंबट द्रवाने धुवायचे, म्हणजे क्षार निवतो. त्यावर ज्येष्ठमध घातलेले तूप. एका वेळी एकच मोड, पुढचा सात दिवसांनी. साधन, वेळ, खूण, उतारा आणि अंतर, सगळे दिले आहे. क्षाराची पुडी घेऊन गावोगाव फिरणाऱ्याकडे पुडी तेवढी असते. ही पाच मापे वाटेत गळून पडलेली असतात.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या मिचेल नावाच्या डॉक्टरने 1871 च्या सुमारास मोडात कार्बॉलिक आम्लाचे इंजेक्शन देण्याची युक्ती काढली. ती गुपित म्हणून विकली गेली आणि फिरते वैदू तिच्यावर पैसे कमावू लागले. शिकागोचे डॉ. एडमंड अँड्र्यूज यांनी 1879 मध्ये तीन हजारांहून अधिक रोग्यांची माहिती गोळा करून गुपित फोडले. त्यांत मृत्यूही होते. उपाय सर्वस्वी खोटा नव्हता. प्रमाण ठरल्यावर तेलातल्या फिनॉलचे इंजेक्शन शल्यवैद्यांनी पुढे अनेक दशके वापरले.

आपल्या भागाला शस्त्रक्रियेचा आधार मिरजेत मिळाला. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये सुरू झाले आणि 1927 मध्ये पंढरपूरची छोटी रेल्वे मिरजेपर्यंत आली. कवठे महांकाळ याच मार्गावरचे स्थानक. ब्रिटिश औषधकोशात तेव्हा मायफळ आणि अफू यांचे मलम होते: मायफळ जागा आकसवते, अफू वेदना दाबते.

आजची ट्यूब त्याच कल्पनेची पुढची पिढी आहे. अफूच्या जागी 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले लिग्नोकेन आले, आणि 1950 नंतर सूज उतरवणारी स्टेरॉइडे आली. मलमाने ठणका, खाज आणि सूज कमी होते. मोड गळून पडत नाही. शौचानंतर जागा कोमट पाण्याने धुवावी, न घासता टिपून कोरडी करावी. स्वच्छ हाताने थोडेच मलम लावावे. आत सोडायचे असेल तर ट्यूबबरोबरची नळी मलमाने ओली करून, जोर न लावता वापरावी. नंतर हात आणि नळी धुवावी. स्टेरॉइड असलेले मलम डॉक्टरांना न विचारता सात दिवसांपुढे लावू नये. कातडी पातळ होते, गजकर्ण असेल तर पसरते. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी आधी विचारावे. आग किंवा पुरळ वाढले तर मलम थांबवावे. आणि बद्धकोष्ठ तसेच राहिले तर कोणतेही मलम पुरणार नाही. पाणी, भाज्या आणि चरकाने वाखाणलेले ताक यांचे काम ट्यूब करत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'जे' परिशिष्टात, जे रोग बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशांच्या यादीत, मूळव्याध आणि भगंदर आहेत. भिंतीवरची अक्षरे वाचताना हे आठवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचेच असते असे नाही. आतड्याचा कर्करोगही तसाच सुरू होऊ शकतो. मलमाने ठणका गेला म्हणून तपासणी टाळणारा माणूस तेवढे महिने गमावतो. सुश्रुताचे यंत्र आधी पाहण्यासाठी होते, औषध त्यानंतर. तेव्हा रक्त दिसले की दाखवावे. जावई वैद्य निघाला तरी.