मिळवती कन्या आणि सुखाचा अधिकार

मुंबईतील माहीमचे मैदान नगरपालिकेने १९२५ साली लोकांस खुले केले. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास ‘शिवाजी पार्क’ हे नाव मिळाले. मैदानाभोवती पुढील दोन दशकांत दुमजली-तिमजली इमारती उभ्या राहिल्या आणि गिरगावातील चाळींहून निराळे असे मध्यमवर्गीय जीवन तेथे आकारास आले. कारकून, शिक्षक, वकील यांची ही कुटुंबे शेतीच्या उत्पन्नावर नव्हे, तर मासिक मिळकतीवर चालणारी होती. अशा कुटुंबातील शिकलेली मुलगी नोकरी करू लागली, म्हणजे तिच्या वेतनाचा आणि तिच्या विवाहाचा संबंध काय, हा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहिला.

या प्रश्नास स्पष्ट शब्दरूप मिळाले ते १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहात. या नावामागील लेखिका बाळूताई खरे (१९०५–२००१), म्हणजेच उत्तरकालीन मालतीबाई बेडेकर. त्या महर्षी कर्वे यांच्या हिंगणे येथील संस्थेत शिकलेल्या व पुढे अध्यापन केलेल्या असल्यामुळे मिळवत्या मुलींचे जग त्यांना आतून परिचित होते. संग्रहातील एका कथेचे शीर्षकच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. त्यागाच्या आवरणाखाली एकरूप भासणारे दोन संसार या एका प्रश्नाने वेगळे होतात. भावंडांची शिक्षणे आणि घरखर्च यांसाठी झिजणारी कन्या ज्या संसाराचा भार वाहते, तो तिचा नसतो. आणि जो तिचा होऊ शकला असता, त्याचा काळ निघून जात असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. कौमार्यात स्वकष्टाने मिळविलेले धन हिंदू व्यवहारशास्त्रानुसार स्त्रीधनच होय. अर्थात अविवाहित मुलीच्या मार्गात कायदा आडवा येत नव्हता. आड येत होती ती माया, कर्तव्यबुद्धी आणि त्यागाची स्तुती. जी स्तुती भूषण म्हणून मिळते, तीच घराच्या अर्थव्यवस्थेचा आधार असते, हे उमगल्यावाचून त्या मुलीस स्वतःच्या सुखाचा विचार निर्दोष वाटणे शक्य नव्हते. पुस्तकाने समाजात जी खळबळ उडविली, तिचे मर्म केवळ स्त्रीच्या वासनेच्या उच्चारात नाही. कुटुंबाचा हा अलिखित हिशेब उघड झाला, यातही ते आहे.

विवाहित स्त्रीची अडचण निराळी होती. ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीतील अचला पतीपासून दुरावलेली आहे. तिला हवे असलेले सहजीवन विवाहबंधनाबाहेरच संभवते. बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली झाला होता. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला, आणि देशव्यापी हिंदू विवाह कायदा १९५५ साली. म्हणजे एकीच्या सुखास मनाची संमती हवी होती, तर दुसरीच्या सुखास राज्याची. दोन्ही अडथळ्यांस ‘त्याग’ हे एकच नाव दिल्याने त्यांतील भेद दीर्घकाळ झाकला गेला.

लेखिकेचे चरित्रही या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. विश्राम बेडेकर यांच्याशी त्यांचा विवाह १९३८ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास झाला. त्या काळाच्या रूढीने ते वय केव्हाच उलटून गेले होते. तथापि आपले सुख शोधणे म्हणजे परक्याच्या दुःखाकडे पाठ फिरविणे नव्हे. सोलापूर येथील गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीत केलेल्या कामाच्या अनुभवातूनच त्यांची ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी जन्मली. फरक इतकाच की, ते कार्य त्यांनी निवडले होते. कन्येच्या त्यागात निवड नव्हती.

शिवाजी पार्कसारख्या वस्त्यांचा इतिहास सामान्यतः सभा, क्रीडा आणि राजकारण यांच्या अंगाने लिहिला जातो. त्या इमारतींतील किती घरभाडी आणि किती भावंडांची शुल्के मुलींच्या वेतनातून भरली गेली, हेही त्या इतिहासाचे अंग आहे. त्यागाची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. मात्र जो त्याग नाकारण्याची मुभा नव्हती, त्यास त्याग म्हणावे काय, हा १९३३ सालचा प्रश्न अभ्यासकांनी आधी विचारावयास हवा.