मिनार, घुमट आणि जुझे परेरा

जुझे परेरांची पुस्तकं एका फळीवर मांडली तर ती एकाच माणसाची वाटणार नाहीत. वेरूळच्या जैन लेण्यांवर ग्रंथ 1977चा, इस्लामी धर्मवास्तूंवर 1994चा, ‘बरोक गोवा’ 1995चं, आणि 2000 साली ‘बरोक इंडिया’. मूळचे गोव्याचे, जन्म 1931चा, मुंबईतला. संस्कृत शिकले, प्राचीन भारतीय संस्कृतीत मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, पुढे न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात शिकवलं. शिवाय कोकणी गाणी गोळा केली, भित्तिचित्रं रंगवली. 2015 साली गेले.

मी बारामतीत जन्मभर चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवली. युरोपची कला म्हणजे मायकेलअँजेलोपासून खाली उतरत येणारी, अशीच आमची समजूत. परेरा तिच्याकडे वेरूळच्या बाजूनं आले, म्हणून त्यांना वेगळं दिसलं. गोव्याची चर्च म्हणजे पोर्तुगालची नक्कल, हे त्यांनी मानलं नाही. देवळं आणि मशिदी यांच्याच पंगतीत त्यांनी ती बसवली. बरोक शैलीचा आराखडा रोमचा, पण जांभा इथला आणि गवंडीही इथलेच. गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागातला काळा दगड वसईहून आणलेला.

याहून मला पटलं ते फोंड्यातल्या कवळ्याच्या शांतादुर्गेचं उदाहरण. शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांनी 1738च्या सुमाराला हे देऊळ उभारलं. घुमट, कमानींच्या खिडक्या, सगळा थाट चर्चचा. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. म्हणजे हा थाट कुणी लादला नव्हता, आवडला म्हणून घेतला.

परेरांचं शैलींचं वर्गीकरण मात्र कधी कधी वाण्याच्या खातेवहीसारखं होतं. ती पानं मी खुशाल उलटतो.

पण परेरांची नजर घरच्या देवळालाही लागू पडते. आमच्या तालुक्यात मोरगावच्या मयूरेश्वर गणपतीच्या देवळाच्या चारी कोपऱ्यांवर मिनार आहेत. मुघलांना लांबून मशीद वाटावी आणि देऊळ वाचावं म्हणून ते बांधले, असं इथं सांगतात. गोष्ट छान आहे, पण मला ती पटत नाही. देवळापुढं एवढा मोठा नंदी उघड्यावर बसलेला. मिनार बघून कुठलं सैन्य फसेल? बहमनी, आदिलशाही, निजामशाही राजवटींत इथल्या पाथरवटांच्या पिढ्या मिनार आणि घुमट घडवत आल्या होत्या. देवळाचं काम आलं तेव्हा त्यांनी हाताला येत होतं तेच बांधलं.