सिकलसेल : एका रेणूची आणि आपल्या दोन जिल्ह्यांची गोष्ट

स्मरणिकेसाठी "तुझ्या विषयावर लिही, पण आम्हाला कळेल असं" अशी अट मित्रांनी घातली. माझी नोकरी रक्ताचे नमुने तपासण्यात गेली, त्यामुळे विषय ठरलेलाच होता. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल हा शब्द आज आशाताईंच्याही तोंडी आहे. आपण शाळेत होतो तेव्हा तो कोणाला ठाऊक नव्हता. झडीच्या दिवसांत ज्यांचे सांधे सुजायचे, डोळे पिवळे दिसायचे, जे कवायतीला बाजूला बसून राहायचे, त्यांना 'वात आहे' म्हणत. कधी 'कामचुकार'ही म्हणत. तो शेरा आठवला की अजून वाईट वाटते.

विज्ञानाला मात्र तेव्हाच बरेच माहीत होते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशींचे वर्णन १९१० मध्येच छापले होते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराला 'रेणूचा आजार' म्हणण्याची ती पहिली वेळ. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली : १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी पडताच पेशी वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापला. म्हणजे आपण पाटी-पेन्सिल धरण्याआधीच ही गोष्ट लंडनच्या नियतकालिकात पोहोचली होती. एटापल्ली-भामरागडला पोहोचायला तिला कित्येक दशके लागली. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत हे संशोधन आयुष्यभर नेटाने केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, तेव्हा त्यांनीही सुरुवातीला सिकलसेलचा शोध घेतला. लोकांना मात्र त्या वेळी तो आपला पहिला प्रश्न वाटत नव्हता. मला ते समजते. मलेरियाने घरातले माणूस तापत असेल तर सूक्ष्मदर्शकातल्या विळ्याचे कौतुक कोणाला?

गंमत म्हणजे दोघांचे नाते जुने आहे. आई-बाप दोघांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला तर माणूस वाहक होतो, आजारी नाही. उलट घातक मलेरियापासून त्याचा बचाव होतो. जंगलपट्ट्यात हे जनुक टिकले ते यामुळे. आपल्याकडचे जनुक आफ्रिकेतल्यापासून स्वतंत्रपणे उपजले, असे संशोधक मानतात. त्यासोबत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त राहते, म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असा समज होता. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी मुले वर्षानुवर्षे तपासली आणि तो समज विदर्भापुरता तरी फारसा खरा नाही हे दाखवले.

कानाबद्दल थोडे सांगतो, कारण ते सहसा कोणी सांगत नाही. आतल्या कानातल्या शंखाला रक्त एकाच बारीक रोहिणीतून मिळते, दुसरी वाट नाही. तिथे पेशी अडकल्या की ऐकू येणे कमी होते, कधी अचानक. सांधे दुखतात ते मूल सांगते; ऐकू कमी येते ते सांगत नाही, मागच्या बाकावर जाऊन बसते. आपल्यातल्या शिक्षकांनी हे वाचावे असे फार वाटते.

आता चंद्रपुरातच आयसीएमआरचे हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी संशोधन केंद्र आहे. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट.

आपली मुले-मुली लग्नाच्या वयात आहेत. माझ्या नात्यात एका बैठकीत पत्रिका जुळली, नाडीदोष नाही म्हणून पेढे वाटले गेले. मग मुलीनेच रक्ताचा कागद मागितला. दोघेही वाहक निघाले, म्हणजे प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. बैठक शांत झाली. लग्न झाले, पहिल्या खेपेला त्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय संस्थेत गर्भाची तपासणी करून घेतली. मुलगी आता दुसरीत आहे, वाहक आहे, आणि कवायतीत पुढच्या रांगेत असते.