दोन स्क्रूंची गोष्ट



छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण तो सगळा राजे, तह आणि लढायांचा. मुठीत मावेल एवढ्या वस्तूलाही इतिहास असतो, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हतं. आज लिहितोय ते ग्रास कटर आणि झाडं तोडायच्या चेनसॉमधल्या कार्बोरेटरबद्दल. आमच्या गावात त्याला 'कार्बेटर' म्हणतात.

त्याचं काम तसं साधं. हवा अरुंद वाटेने गेली की तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि पेट्रोल फवाऱ्यासारखं ओढलं जातं. जुन्या मंडळींना ढेकूण-डास मारायचा फ्लिटचा पंप आठवत असेल, साधारण तसंच. 1893 साली जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने, एकमेकांचा संबंध नसताना, असा कार्बोरेटर तयार केला. (फुलवालीला फुलांवर पाणी फवारताना बघून बांकीला कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे, पण वर्गात सांगायला छान.)

त्यात पेट्रोलची पातळी राखायला एक फ्लोट असे, आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखा. टाकी तिरकी केली तर बॉल कॉक काय करणार? नेमकी हीच अडचण 1940 मध्ये इंग्लंडच्या स्पिटफायर विमानांना आली. वैमानिकाने एकदम नाक खाली घातलं की इंजिन गुदमरायचं. बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी 1941 मध्ये भोक पाडलेली एक छोटी चकती बसवून त्यावर तात्पुरता उतारा काढला. एवढ्या मोठ्या युद्धात एका चकतीची गोष्ट, मला फार आवडते.

चेनसॉचं दुखणंही तेच. झाड पाडायचं तर करवत आडवी धरावी लागते. सुरुवातीच्या दोघांनी धरायच्या करवतींत इंजिन उभं ठेवून पातं तेवढं वळवायची सोय असे. मग फ्लोट जाऊन पडदा आला, म्हणजे डायफ्रॅम. इंजिनाच्या पोटातला दाब फेऱ्याफेऱ्याला वरखाली होतो, त्यावर एक पडदा धडधडत टाकीतलं पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा लागेल तेवढंच पुढे सोडतो. यंत्र उलटं धरलं तरी चालतं. अमेरिकेतल्या टिलटसन आणि वॉलब्रो या कंपन्यांची नावं या कार्बोरेटरशी कायमची जोडली गेली. श्टील कंपनीचं 1929 चं पेट्रोलवरचं यंत्र 46 किलोंचं होतं, 1959 ची 'कॉन्ट्रा' 12 किलोंची. अर्थात वजन उतरायला इतरही कारणं होती, पण करवत एका माणसाच्या हातात आली.

आता ते दोन स्क्रू. एक कमी वेगासाठी, एक जास्त वेगासाठी. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळतं. स्क्रू जास्त आवळला तर पेट्रोलबरोबर तेलही कमी जातं आणि पिस्टन धरतो. सैल केला तर धूर. जाणता माणूस कानाने लावतो: रिकामं चालवताना आवाज थोडा फाटका हवा, लाकडात पातं घुसलं की गुळगुळीत.

या कानावर कायद्याने बूच बसवलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त न जळताच बाहेर जातो. कॅलिफोर्नियात 1995 पासून आणि साऱ्या अमेरिकेत 1997 पासून छोट्या इंजिनांना धुराचे नियम लागले. कंपन्यांनी स्क्रूंवर प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या, म्हणजे ते थोडेच फिरावेत. लोकांनी त्या कापल्या, साध्या पेचकसाने न फिरणाऱ्या स्क्रूंसाठी वेगळी हत्यारं मिळवली. 'माझं यंत्र, मी फिरवीन' हा त्यांचा राग मला समजतो. ठरलेल्या मापापेक्षा कमी पेट्रोलवर चालणारं इंजिन तापून मरतं, हेही खरंच. शेवटी 2021 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला आणि 2024 च्या मॉडेलपासून अशी बहुतेक नवी यंत्रं बिनधुराचीच हवीत असं ठरलं. जुनी वापरायला मुभा आहे.

मी मात्र टोप्यांच्या बाजूचा. आमच्या कोकणात हापूसच्या बागांतली बेणणी आता कोयत्याऐवजी ग्रास कटरने होते. बागेचा मालक सावलीत उभा असतो. धूर आधी जातो तो इंजिन पाठीला किंवा कुशीला लावून दिवसभर फिरणाऱ्या गड्याच्या नाकात. स्क्रू फिरवताना कान त्याचा विचारला जातो, नाक कोणी विचारत नाही.

आता तर कोणी स्क्रूला हातही लावत नाही. आपल्या पेट्रोलमध्ये 2025 पासून वीस टक्के इथेनॉल आहे, आपल्याच उसाचं आणि मक्याचं. ते पाणी धरतं आणि जुन्या धाटणीचे पडदे त्याने कडक होतात. दिवाळीनंतर टाकीत पेट्रोल तसंच ठेवलेलं यंत्र पुढच्या आषाढात चालू होत नाही. मेकॅनिक म्हणतो, 'गुरुजी, अख्खा कार्बेटर बदलूया.' बऱ्याचदा नुसता पडद्यांचा संच बदलून, जाळी साफ करून भागतं. त्याला तसं आधी विचारून बघा. आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच यंत्र माळ्यावर टाका.