पानिपत किती दूर होते? ७५ दिवसांचे गणित

१/ पानिपताचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून विचारला जातो : नानासाहेब पेशवे स्वतः फौज घेऊन वेळीच मदतीस का गेले नाहीत? उत्तर शोधताना आपण बहुधा त्यांच्या स्वभावाकडे वळतो. आज केवळ अंतराकडे पाहू.

२/ आजच्या रस्त्याने पुणे ते पानिपत सुमारे १,५०० किलोमीटर भरते. अठराव्या शतकात मात्र या अंतराला एकच माप नव्हते. जासुदाचे पानिपत निराळे, फौजेचे पानिपत निराळे.

३/ आधी फौज. सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये परतूरहून निघाले आणि ऑगस्टच्या आरंभी दिल्ली त्यांच्या हाती आली. सुमारे १,२०० किलोमीटरला साडेचार महिने. म्हणजे दिवसाला जेमतेम नऊ किलोमीटर! अवजड तोफा, बुणगे, यात्रेकरू, वाटेतले मुक्काम आणि पावसाने फुगलेल्या नद्या, हे सारे त्या आकड्यात आहे.

४/ आता जासूद. युद्ध झाले १४ जानेवारी १७६१ रोजी. उत्तरेकडे निघालेले नानासाहेब २४ जानेवारीस भेलशास, म्हणजे आजच्या विदिशास होते. तेथे एका सावकाराचा जासूद त्यांच्या हाती लागला. मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत त्या पत्रात पराभव लिहिलेला होता. सुमारे ७५० किलोमीटर, दहा दिवस : दिवसाला ७५ किलोमीटर, म्हणजे साधारण पंचवीस कोस.

५/ त्या दहा दिवसांत पेशवे ज्यांच्या मदतीसाठी मजल दरमजल करीत होते, त्यांतला पुत्र विश्वासराव आधीच पडला होता.

६/ आता गणित मांडू. १ नोव्हेंबर १७६० च्या सुमारास दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर आल्या. तेथून युद्धापर्यंत ७५ दिवस. समजा, त्याच दिवशी मदतीचे पत्र निघाले. पैठण परिसर तेथून सुमारे १,३०० किलोमीटर. जासुदास लागतील १७-१८ दिवस. पेशवे पत्र वाचताच निघाले आणि सडी फौज रोज २० किलोमीटर चालली, तरी आणखी ६५ दिवस. बेरीज ८० च्या पुढे जाते. शिवाय अब्दालीने दक्षिणेची वाट अडवली होती, तो अडथळा यात धरलेलाच नाही.

७/ याचा अर्थ नानासाहेब निर्दोष ठरतात, असा नव्हे. अर्थ एवढाच, की कोंडी झाल्यानंतर दक्षिणेतून कुमक पोहोचणे जवळपास अशक्य होते. निर्णय व्हायला हवा होता तो पावसाळा सरताच, कोंडीची बातमी येण्यापूर्वी. दोष शोधायचा तर जानेवारीत नव्हे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शोधावा. तेव्हा दक्षिणेत कोणाला काय ठाऊक होते, हा खरा प्रश्न आहे.

८/ पेशवेकालीन छापील पत्रे वाचताना एक सवय लावून घ्या, मित्रहो. पत्राच्या तिथीबरोबर काही पत्रांवर ‘पौ’ अशी नोंद आढळते : पत्र पोहोचल्याची तिथी. आपण बहुधा पहिलीच तिथी टिपतो. वाचणाऱ्याने निर्णय घेतला तो दुसऱ्या तिथीस. या दोन तिथींमधले दिवस मोजल्याशिवाय कोणालाही उशिराचा दोष देऊ नये.