सांदवाडीतील मिरची : भंडारा जिल्ह्यातील एका कागदाबाहेरच्या कसबाचा इतिहास

भंडारा जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास बहुधा तलावांचा आणि धानाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने बांधलेले तलाव, त्यांच्या पाण्यावर होणारा धान व ऊस, आणि त्यावर उभी राहिलेली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरायचा व त्या बदल्यात गावावर मालकी हक्क सांगायचा ही पद्धत, यांचे भरपूर कागद मागे उरले. घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसातल्या कुंपणाआडच्या तुकड्यात, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या मिरचीच्या चार झाडांवर ना सारा बसत होता, ना त्यांचा माल बाजारात जात होता. म्हणून ही झाडे कशी राखली व छाटली जात, हे दप्तरांपेक्षा झाडाच्या स्वभावावरून, हवामानावरून आणि कामाच्या वाटणीवरूनच अधिक नीट उलगडते.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोच्या परिसरात ती हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोवर इकडच्या स्वयंपाकातला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांच्यावर भागत असे. मिरी दमट डोंगराळ भागातली वेल असल्यामुळे वैनगंगेकाठी ती विकतच घ्यावी लागे, तर मिरची दारातल्या मातीत बियांपासून उगवे, आणि आतल्या मुलुखात तिचा प्रसार झाला तो प्रामुख्याने या एका गुणावर. १८५३ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन भंडारा इंग्रजी अमलाखाली आले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतात समाविष्ट झाले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात भाजीपाला व फुले पिकवणाऱ्या माळी-मरार समाजाची स्वतंत्र नोंद आहे, आणि मरार हे नाव प्रांताच्या पूर्वेकडे अधिक चालते असेही त्यात म्हटले आहे. बाडीचे, म्हणजे विहिरीच्या पाण्यावरील भाजीच्या तुकड्याचे, कसब ज्यांचा व्यवसाय होता त्यांची दखल अशी घेतली गेली. तेच कसब घरोघरी बायका चुलीपासून दहा पावलांवर वापरत होत्या, त्यांची घेतली गेली नाही.

शेतातली मिरची आणि सांदवाडीतली मिरची ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच जात असली, तरी शेतीच्या दृष्टीने ती दोन निराळी पिके आहेत. पवनीलगतच्या भिवापूर पट्ट्यातली मिरची, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती वाळवून विकायच्या लाल फळासाठी घेतली जाते; तिथे हजारो रोपांचे शेंडे खुडायचे तर मजुरी अंगावर येते आणि पहिला तोडा लांबतो, म्हणून छाटणीला जागाच उरत नाही. सांदवाडीत हिशेब उलटा असतो. तिथे एकदम पोतेभर फळ नको असते, रोजच्या ठेच्यापुरत्या हिरव्या मिरच्या हव्या असतात, आणि त्याही शक्य तितके महिने. मिरची हे मुळात बहुवर्षायू झाड आहे. एका हंगामात ते उपटून टाकणे ही शेताची सोय आहे, झाडाची गरज नव्हे.

रोप वीतभर होऊन त्याला सहा-आठ पाने आली की वरचा कोवळा शेंडा नखाने खुडायचा, ही या कामाची पहिली पायरी. शेंडा जागेवर असेपर्यंत त्यात तयार होणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक खाली उतरत राहते आणि पानांच्या बेचक्यांतले डोळे दबून राहतात. शेंडा गेला की ते फुटतात आणि रोप उंच होण्याऐवजी घेरदार होते. १९२८ मध्ये फ्रिट्स वेंट यांनी हे द्रव्य ओटच्या कोंबातून वेगळे करून दाखवले आणि पुढे काही वर्षांतच थिमान व स्कूग यांनी बाजूचे डोळे दाबून ठेवण्याशी त्याचा संबंध सिद्ध केला. बागाईत करणाऱ्यांना मात्र परिणाम आधीपासून ठाऊक होता, कारण तेवढा जाणायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढे खोड जिथे दुभंगते त्या बेचक्यात पहिली कळी येते. ती काढून टाकली तर झाडाचा जोर फळाऐवजी फांद्यांकडे जातो, आणि त्या बेचक्याखालची पाने व फुटवे काढले तर पावसाच्या माऱ्याने उडणारा चिखल पानांवर बसत नाही. वस्तुतः सांदवाडीत रोजची तोडणी हीच अर्धी छाटणी असते. हिरवे फळ वेळेवर निघाले की झाड पुन्हा फुलावर येते, आणि पिकू दिले तर नवा बहर मंदावतो.

जुन्या झाडाची छाटणी ही याहून अवघड गोष्ट. कडक उन्हाळ्यात फुले गळतात, फांद्या कोरड्या पडतात आणि झाड संपल्यासारखे दिसते. अशा वेळी जमिनीपासून हातभर खोड व दोन-तीन जाड फांद्या ठेवून बाकीचे कापले आणि बुडाशी शेणखत दिले, तर त्याच मुळांवर नवी पालवी येते. उसाचा खोडवा राखणाऱ्या जिल्ह्याला हे तत्त्व नवे नव्हते. प्रश्न फक्त वेळेचा असतो. ऐन मेमध्ये कापले तर उघडे पडलेले खोड भाजते, आणि मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर कापले तर ओल्या जखमेतून बुरशी शिरते. म्हणून रोहिणी नक्षत्राचे दिवस, म्हणजे २५ मेपासून मृग लागेपर्यंतचा पंधरवडा, हाच या हवामानात त्यातल्या त्यात सुरक्षित ठरतो. काप तिरपा घ्यायचा, तोही त्यावर पाणी थांबू नये म्हणूनच. सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात ही बारीकसारीक काळजी झाडाच्या जिवावर बेतण्याइतकी महत्त्वाची असते.

बुरशीचा हा धोका शास्त्रीय वाङ्मयातही जुना आहे. फांद्या शेंड्याकडून वाळत येणे आणि फळे सडणे या विकाराची बुरशी सिडो यांनी १९१३ मध्ये कोइम्बतूरच्या मिरचीवरून वर्णिली, आणि वाळलेल्या फांद्या कापून जाळाव्यात ही शिफारस आजही कायम आहे. चुरडा-मुरड्याची गोष्ट निराळी. फुलकिडे, कोळी आणि पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा विषाणू यांमुळे पाने आक्रसतात. कारण किडींपुरते असेल तर आक्रसलेला शेंडा खुडून झाड सावरू शकते, पण विषाणू अंगभर पसरला असेल तर कितीही छाटले तरी उपयोग होत नाही आणि झाड उपटावेच लागते. रोगराईने या पट्ट्यातल्या शेतातल्या मिरचीला मोठा तडाखा दिला, आणि तिचे क्षेत्र आक्रसण्यामागे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण पाण्याचे. २२ एप्रिल १९८८ रोजी ज्याची पायाभरणी झाली त्या गोसीखुर्द धरणाच्या प्रकल्पाने पुढे कालव्याचे पाणी आणले, आणि साचणारे पाणी धानाला मानवत असले तरी मिरचीच्या मुळांना ते सोसत नाही.

मिरचीचा व्यापार मात्र क्षेत्राबरोबर आटला नाही. पवनी, मांढळ, भिवापूर या भागात मिरचीचे सातरे आहेत. सातरा म्हणजे लाल मिरची पसरून वाळवण्याची, निवडण्याची आणि देठ काढण्याची मोकळी जागा. आंध्र-तेलंगणातूनही माल येथे येतो, आणि बायका ओळीने बसून एकेका मिरचीचा देठ खुडतात, त्याची मजुरी वजनावर मिळते. शेंडा खुडणारी तीच बोटे येथे दिवसभर तिखटाच्या आगीत राबतात, आणि ज्या कामाला परसात किंमत नव्हती त्याला येथे निदान दर तरी आहे, मग तो तुटपुंजा का असेना.

हरितगृह आणि शेडनेटचे तंत्र रुजल्यापासून छाटणी हा शब्द मिरचीच्या शेतीतही ऐकू येऊ लागला, पण तो ढोबळी मिरचीपुरता: दोन ते चार मुख्य फांद्या राखायच्या, बाकीचे फुटवे दर आठवड्याला काढायचे, पहिल्या कळ्या खुडायच्या आणि फांद्या सुतळीने वरच्या तारेला बांधायच्या. सुतळी आणि तार सोडली तर यात सांदवाडीला अनोळखी असे फारसे नाही. उघड्या शेतातल्या तिखट मिरचीला हे सोपस्कार आजही परवडत नाहीत, कारण तिच्या भावात तेवढी मजुरी बसत नाही.