वार्धक्यातही आपलेच घर : न्हाणीघर आणि स्वयंपाकघराची फेररचना

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे प्रमाण २०५० पर्यंत २० टक्क्यांच्या पुढे जाईल, असा अंदाज वर्तवण्यात आला आहे. यांपैकी बहुसंख्य ज्येष्ठ नागरिक वृद्धाश्रमात नव्हे, तर आपल्याच घरात राहतात. मात्र ही घरे बांधताना रहिवासी कायम तरुण व धडधाकट राहणार, असेच गृहीत धरलेले असते.

घरातील न्हाणीघर आणि स्वयंपाकघर या दोन जागांत ही उणीव सर्वांत आधी जाणवते. एका ठिकाणी ओली फरशी, उंबरा आणि बैठकीचे शौचकूप असते; दुसऱ्या ठिकाणी आग, उकळते पाणी, जड भांडी आणि हाताला न पोहोचणारे माळे असतात. या दोन जागा वापरता येणे बंद झाले की ज्येष्ठ व्यक्तीचे स्वावलंबन संपुष्टात येते. घराचा उरलेला भाग कितीही सुखसोयींचा असला, तरी त्याचा उपयोग राहत नाही.

पडण्याचा धोका

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पडणे हे जगभरातील अपघाती मृत्यूंचे दुसऱ्या क्रमांकाचे कारण असून दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती त्यामुळे प्राण गमावतात. त्यांत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सर्वाधिक असते. अस्थी ठिसूळ झालेल्या वयात साध्या घसरण्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते आणि शस्त्रक्रियेनंतरही अनेकांना पूर्वीसारखे चालता येत नाही.

न्हाणीघरात पडण्यामागे केवळ निसरडी फरशी नसते. वयोमानानुसार दृष्टी मंदावते, गुडघ्यांतील बळ कमी होते आणि अंथरुणातून एकदम उठल्यास रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे, मधुमेहामुळे किंवा पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे रात्री वारंवार उठावे लागते. झोपेतून उठलेली व्यक्ती अंधारात, घाईने, ओल्या जागेकडे जाते. अनेक ज्येष्ठ व्यक्ती या भीतीने सायंकाळनंतर पाणी पिणेच टाळतात, तर काही जण स्नानाचे दिवस कमी करतात. कुटुंबीयांना हा स्वभावातील बदल वाटतो. प्रत्यक्षात त्याचे मूळ घराच्या रचनेत असू शकते.

सर्वांसाठी रचना

इमारती व वस्तू शक्य तितक्या सर्व लोकांना, वय आणि शारीरिक क्षमता न पाहता, वापरता याव्यात या विचाराला ‘युनिव्हर्सल डिझाइन’ म्हटले जाते. ही संज्ञा अमेरिकी वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांनी रूढ केली. बालपणी पोलिओ झाल्याने ते स्वतः चाकांची खुर्ची वापरत. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सुगम्यतेला कायद्याचे अधिष्ठान दिले. केंद्रीय गृहनिर्माण व नगर व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या निवासी प्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे आणि २०२१ मध्ये सार्वत्रिक सुगम्यतेची एकत्रित मानके प्रसिद्ध केली.

या तरतुदींचा मुख्य भर सार्वजनिक इमारती आणि नव्या प्रकल्पांवर आहे. पूर्वीच बांधलेल्या खासगी सदनिकेतील न्हाणीघर सुरक्षित करण्याची जबाबदारी व्यवहारात कुटुंबावरच येते. त्यासाठी सर्व मापे काटेकोरपणे पाळता आली नाहीत, तरी त्यांमागील हेतू समजून घेणे उपयुक्त ठरते.

न्हाणीघर : दार आणि फरशी

आपल्याकडील अनेक सदनिकांत न्हाणीघराचे दार जेमतेम ७० ते ७५ सेंटिमीटर रुंद असते आणि ते आत उघडते. आतील व्यक्ती दारालगत पडली, तर दार उघडता येत नाही आणि मदत पोहोचण्यास विलंब होतो. त्यामुळे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवावी. चाकांच्या खुर्चीसाठी सुमारे ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी इष्ट मानली जाते. दार रुंद करताना भिंत भारवाही आहे किंवा काय आणि तेथून स्तंभ वा तुळई जाते किंवा काय, याची खातरजमा स्थापत्य अभियंत्याकडून करून घेणे अनिवार्य आहे.

पाणी बाहेर येऊ नये म्हणून न्हाणीघराची फरशी खाली घेण्याची किंवा उंबरा ठेवण्याची आपली पद्धत आहे. ही पायरी पाय न उचलता चालणाऱ्या व्यक्तीला अडखळवते. शक्य असल्यास फरशी एकाच पातळीत आणून पाणी दाराशी जाळीच्या लांब पन्हळीने अडवावे. उंबरा काढता येत नसेल, तर त्याची कड गोल करून त्याला फरशीहून वेगळा, ठळक रंग द्यावा आणि शेजारी उभी पकडदांडी बसवावी.

फरशी निवडताना ती कोरडी असताना नव्हे, तर पाणी व साबण पडल्यावर कशी वागते, हे पाहावे. गुळगुळीत, चकचकीत लाद्या टाळाव्यात. लहान आकाराच्या खरखरीत लाद्यांना सांधे अधिक असल्याने पायाला पकड मिळते. सुटी पायपुसणी आणि कडा वळलेली रबरी चटई मात्र नव्या फरशीचाही लाभ घालवू शकते.

शौचकूप आणि पकडदांड्या

गुडघ्यांच्या संधिवातात बैठकीच्या शौचकुपावरून उठणे हे दिवसातील सर्वांत कष्टाचे काम ठरते. खुर्चीसारख्या शौचकुपाची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच असल्यास उठणे सोपे जाते. अस्तित्वातील बैठक कमी उंचीची असेल, तर वर बसवण्याची जोड-बैठक मिळते. भाड्याच्या घरात किंवा तोडफोड शक्य नसलेल्या ठिकाणी बैठकीच्या शौचकुपावर ठेवता येणारी कमोड खुर्ची हा कमी खर्चाचा पर्याय आहे. मात्र तिच्या पायांना घट्ट रबरी टोप्या असाव्यात.

पकडदांडी हा सर्वांत कमी खर्चाचा आणि बहुधा सर्वांत उपयुक्त बदल होय. ती मुठीत पूर्ण मावेल अशा, म्हणजे सुमारे ३.५ ते ४ सेंटिमीटर व्यासाची असावी आणि भिंतीपासून साधारण ४ सेंटिमीटर अंतरावर असावी. अंतर त्याहून बरेच अधिक असल्यास तोल जाताना हात मध्ये अडकू शकतो. अमेरिकी मानकांनुसार अशा दांडीने सुमारे ११३ किलोग्रॅम भार पेलला पाहिजे. टॉवेल अडकवण्याची दांडी हा भार पेलू शकत नाही, तरीही पडताना हात तिच्याकडेच जातो. अर्ध्या विटेची किंवा पोकळ ठोकळ्यांची भिंत असेल, तर योग्य अँकर अथवा मागील बाजूस पोलादी पट्टी वापरावी लागते. पुढे लागेल तेव्हा पाहू, असे म्हणण्यापेक्षा नव्या लाद्या बसवतानाच भिंतीत हा आधार तयार करून ठेवावा.

स्नान, पाणी आणि प्रकाश

वयस्क व्यक्तीने शक्यतो बसून स्नान करावे. पाटावर बसून उठणे अवघड झाल्यास रबरी पायांची, पाठ असलेली खुर्ची किंवा भिंतीला जोडलेली घडीची बैठक वापरावी. बादली जमिनीवर न ठेवता ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीच्या भक्कम चौथऱ्यावर ठेवली, तर प्रत्येक तांब्यासाठी वाकावे लागत नाही. हाती धरण्याचा शॉवर असल्यास बादली उचलण्याचा प्रश्नच राहत नाही. गोल फिरकीच्या नळाऐवजी दांडीचा नळ बोटे आखडलेल्या हातालाही उघडता येतो. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या शहरांत न्हाणीघरातच पिंप व बादल्या भरून ठेवल्या जातात. त्यांची जागा जाण्या-येण्याच्या वाटेबाहेर निश्चित करावी.

ज्येष्ठांची त्वचा पातळ झालेली असते आणि मधुमेहात पायांची संवेदनाही कमी होते. साठ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी काही सेकंदांत भाजू शकते. विजेच्या गिझरचे तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवून बादलीत आधी थंड पाणी घ्यावे. गॅसवर चालणारा गिझर बंद न्हाणीघरात कदापि असू नये, कारण त्यातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असून प्राणघातक ठरतो.

प्रकाशाचे महत्त्वही दुर्लक्षून चालणार नाही. पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी आणि पांढरे शौचकूप मंद दृष्टीला एकमेकांपासून वेगळे दिसत नाही. बैठकीचा किंवा मागील भिंतीचा रंग निराळा ठेवावा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवे असावेत. आत तातडीच्या घंटेचे बटण बसवल्यास त्याची दोरी फरशीपर्यंत पोहोचली पाहिजे, कारण पडलेली व्यक्ती भिंतीवरील बटण दाबू शकत नाही.

स्वयंपाकघर : ओटा आणि फळ्या

ओट्याची उंची उभ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर कमी असावी, असा साधारण नियम आहे. दीड मीटर उंचीच्या स्त्रीसाठी ती ८० ते ८५ सेंटिमीटर येते. बसून काम करायचे असल्यास सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीचा भाग आणि त्याखाली गुडघ्यांसाठी मोकळी जागा लागते. संपूर्ण ओटा तोडण्याची गरज नसते. भाजी चिरण्यासाठी, कणीक मळण्यासाठी व पोळ्या लाटण्यासाठी एक स्थिर मेज पुरेसे होते. जमिनीवर विळी घेऊन बसण्याची सवय या निमित्ताने बदलता येते.

गॅसचे सिलिंडर बहुधा ओट्याखाली असते आणि तेथेच गुडघ्यांची जागा हवी असते. सिलिंडर उभेच ठेवावे, शेगडी त्याहून उंचावर असावी आणि रेग्युलेटरपर्यंत फार न वाकता हात पोहोचावा, अशा बेताने त्याची जागा बाजूला घ्यावी. वयानुसार घ्राणशक्तीही मंदावते. त्यामुळे गळती झाल्यास तिचा वास लक्षात येईलच, असे नाही. गळतीची सूचना देणारे यंत्र अशा घरांत उपयोगी पडते. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने हे यंत्र जमिनीलगत बसवावे. नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने त्यासाठी ते छतालगत असावे.

रोज लागणारे डबे, तेल, मसाले आणि कुकर गुडघा व खांदा यांच्या दरम्यानच्या उंचीवर असावेत. खोल कपाटांपेक्षा बाहेर ओढता येणारे खण सोयीचे, कारण मागची वस्तू काढण्यासाठी वाकावे लागत नाही. माळ्यावर केवळ सणासुदीची भांडी ठेवावीत आणि ती काढण्याचे काम घरातील तरुणांनी करावे. शेगडी, मोकळा ओटा आणि भांडी घासण्याची जागा सलग असल्यास भरलेले पातेले उचलून न नेता सरकवता येते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी पारदर्शक बरण्या, मोठ्या अक्षरांतील चिठ्ठ्या आणि आपोआप बंद होणारी शेगडी यांचा विचार करावा.

कामाचा क्रम आणि साह्य

सर्व बदल एकाच वेळी करणे आवश्यक नाही. चटया काढणे, दिवे लावणे, डबे खाली आणणे आणि गिझरचे तापमान कमी करणे ही कामे एका दिवसात व जवळजवळ विनाखर्च होतात. पकडदांड्या, नळ आणि कडी यांना एक-दोन दिवस पुरतात. फरशी, दार आणि शौचकूप बदलणे हे मोठे काम आहे. त्यासाठी गृहनिर्माण संस्थेची अनुमती घ्यावी आणि जलरोधक थर दिल्यावर पाणी साठवून चाचणी केल्याखेरीज लाद्या बसवू देऊ नयेत. या काळात ज्येष्ठ व्यक्तीच्या स्नान-शौचाची पर्यायी व्यवस्था आधीच करावी. विजेच्या जोडणीला ३० मिलिॲम्पियर क्षमतेचे गळतीरोधक स्विच असल्याची खात्री करावी. व्यवसायोपचारतज्ज्ञ व्यक्तीच्या हालचाली पाहून योग्य मापे सुचवू शकतात.

केंद्र शासनाच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना चालण्याच्या काठ्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या यांसारखी साधने दिली जातात. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मंजूर झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपयांचे साह्य असून कमोड खुर्चीचा त्यांत समावेश आहे. ज्येष्ठांसाठी असलेल्या १४५६७ या राष्ट्रीय साह्यवाहिनीवर योजनांची माहिती मिळू शकते.

या कामातील खरी अडचण पुष्कळदा खर्चाची नसते. पकडदांडी लावणे म्हणजे वार्धक्य मान्य करणे, अशी भावना ज्येष्ठांच्या मनात असते आणि मुलांनाही हा विषय काढणे अवघड वाटते. परिणामी बहुतेक घरांत दांडी बसते ती पहिल्या अपघातानंतर. म्हणून हे बदल कुटुंबाने घरातील ज्येष्ठांशी बोलून, त्यांच्याच उंचीची व हाताची मापे घेऊन आणि शक्यतो त्यांची गरज भासण्यापूर्वीच करावेत. दांडीचा, उजेडाचा आणि सपाट फरशीचा उपयोग गर्भवती स्त्रीला, लहान मुलाला व आजारातून उठलेल्या तरुणालाही होतोच. ज्येष्ठ व्यक्तीला मात्र त्यामुळे दार लावून, कोणाच्याही मदतीविना स्नान करण्याचा अधिकार अधिक काळ उपभोगता येतो.